चोखोबांची पायरी आणि घरातला कोनाडा

(पाठ : विटाळ आणि भेदाभेद)



पंढरीस जाणाऱ्याच्या पायांना एक क्रम ठाऊक असतो. प्रथम चंद्रभागेचे स्नान, मग पुंडलिकाचे दर्शन, मग महाद्वार. महाद्वाराशी आलो की नामदेवरायांच्या पायरीला हात लावावयाचा, तेथेच असलेल्या चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवावयाचे आणि मग राउळात शिरावयाचे. हा क्रम आपल्याला कोणी पाटीवर लिहून शिकविला नाही. आईच्या कडेवर होतो तेव्हापासून तो अंगवळणी पडला आहे.

अंगवळणी पडलेल्या गोष्टीचा एक दोष असतो. ती आपण करतो, पण तिचा विचार करीत नाही. म्हणून आजच्या पाठात एकच प्रश्न घ्यावयाचा आहे. चोखोबांच्या समाधीवर टेकलेले डोके वर उचलल्यावर, तेच डोके घेऊन आपण गावी परत जातो का? की ते पंढरीस ठेवून दुसरेच डोके घेऊन जातो?

चोखोबा बाहेर का?

चोखोबा जातीने महार. गावची मेलेली ढोरे ओढावयाची, वेठीची कामे करावयाची, गावाबाहेर राहावयाचे आणि शिळेपाके मागून खावयाचे, हा त्या काळी त्यांच्या वाट्याला आलेला जन्म. पंढरीनाथाचे वेड असे की क्षणभर नाम सुटत नसे, पण राउळाच्या आत पाऊल टाकण्याची बंदी. नदीपलीकडे राहून त्यांनी दीपमाळ बांधली, असे परंपरा सांगते. जवळ जाता येत नाही तर दुरून दिवा लावावा, असा तो भाव.

शके १२६० म्हणजे इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गाडले गेले. नामदेवराय तेथे गेले, त्यांनी अस्थी शोधून काढल्या आणि पंढरीस आणून महाद्वारापाशी त्यांची समाधी बांधली. ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला ती चोखोबांची, अशी त्यांनी ओळख पटविली, ही कथा आपण सारे कीर्तनात ऐकत आलो आहोत.

ही कथा ऐकताना आपले डोळे भरून येतात. भरून यावेत हे ठीकच. पण थोडे थांबून पाहावे. देवाने चोखोबांना जवळ केले, नामदेवरायांनी जवळ केले, मग समाधी बाहेर का? कारण जिवंतपणी ज्याला दारात अडविले, त्याला मेल्यावरही दाराच्या आत जागा देण्याची समाजाची तयारी नव्हती. ती समाधी भक्तीची खूण आहे, तशीच ती आपल्या पूर्वजांच्या अपराधाचीही खूण आहे. तेथे डोके ठेवताना दोन्ही खुणा ध्यानात धराव्यात.

संतांनी विटाळाचा विचार कसा केला?

विटाळ हा शब्द आपण सहज उच्चारतो. संतांनी तो सहज सोडून दिला नाही, त्याची झडती घेतली.

चोखोबांच्या घरातील सारी माणसे संत. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. या सर्वांचे अभंग आज उपलब्ध आहेत. सोयराबाईंचा विचार फार धीट आहे. त्या विचारतात त्याचा भावार्थ असा की, ज्याला लोक विटाळ म्हणतात त्यावाचून कोणाचा देह घडला आहे? देह आला तेथे विटाळ आलाच. मग सोवळा कोण आणि ओवळा कोण? शाळा नाही, ग्रंथ नाही, राउळाचे दार बंद, अशा एका बाईने हा प्रश्न विचारला आणि साडेसहाशे वर्षे त्याला उत्तर मिळालेले नाही. कारण त्याला उत्तर नाहीच.

चोखोबांनी उसाचा दृष्टांत घेतला. ऊस वाकडा असला म्हणून त्याचा रस काही वाकडा होत नाही. वरच्या रंगाला भुलणाऱ्याला ते विचारतात की, तू रस चाखलास की नुसते कांडे पाहिलेस? आणि कर्ममेळा तर देवाशी भांडणच करतो. आम्हांला असला जन्म देऊन तू कोणते भले केलेस, असा त्याचा रोखठोक सवाल आहे. आपल्या संप्रदायाची थोरवी अशी की त्याने हे भांडणही अभंग म्हणूनच जपले.

माउलींनी ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात याच विषयाला हात घातला आहे. त्यांचे दृष्टांत आठवा. गंगेला मिळेपर्यंतच ओढ्यांना वेगळी नावे असतात. अग्नीत पडेपर्यंतच खैर आणि चंदन हा भेद असतो. त्याप्रमाणे वर्ण आणि जाती या भगवंताला मिळेपर्यंतच वेगळ्या. आणखी एक दृष्टांत तर बाजारातला आहे. चामड्याच्या तुकड्यावर राजाची अक्षरे उमटली की त्या चामड्याच्या मोलाने वाटेल ती वस्तू मिळते. मग सोन्यारुप्यालाही कोणी विचारीत नाही. किंमत चामड्याची नसते, राजाच्या शिक्क्याची असते. भक्ती हा तो शिक्का. ज्याच्या अंगावर तो उमटला, त्याचे कुळ विचारणारा राजाचाच अपमान करतो.

हे सांगणारे माउली कोण होते, हेही विसरू नये. संन्याशाची मुले म्हणून आळंदीने या चार भावंडांना वाळीत टाकले होते. शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणपर्यंत जावे लागले. तुकोबांना अधिकार नाही म्हणून त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवावयास लावल्या. ज्यांनी त्यांना बोल लावला त्या रामेश्वरभट्टांनीच पुढे तुकोबांच्या पायांशी येऊन आपली चूक मान्य केली. नाथांनी पैठणच्या वाळवंटात पोळणारे महाराचे मूल उचलून कडेवर घेतले आणि श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढले, म्हणून त्यांच्यावर बहिष्कार पडला, अशी परंपरा आहे. जनाबाई दासी, सावतोबा माळी, गोरोबा कुंभार, सेना न्हावी, कान्होपात्रा गणिकेच्या पोटची. आपला संप्रदाय समाजाने बाजूला सारलेल्या माणसांनीच उभा केला. ज्याला भेद मान्य आहे त्याने माउली-तुकोबांचे नाव घेण्यापूर्वी आपण त्या गोष्टीत कोणाच्या बाजूला उभे आहोत, हे स्वतःला विचारावे.

दार उघडले ते कसे?

असे असूनही राउळाचे दार चोखोबांच्या माणसांना शेकडो वर्षे बंदच राहिले. ते आपोआप उघडले नाही.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला, पण दार उघडले नाही. पुढे १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. आपला मार्ग त्यांनी स्वाभिमानाने निवडला. तो त्यांचा अधिकार होता आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करू नये. पण आपल्या हिशेबात आपण काय लिहावयाचे? त्याच बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिलेला आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघा संतांच्या स्मृतीस अर्पण केला होता. चोखोबांना ते विसरले नव्हते. चोखोबांना कोण विसरले होते, हे आपणच ठरवावे.

पंढरीचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे रोजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले. त्या दिवसांत तनपुरे महाराजांनी आपल्या मठात त्यांना जागा दिली, हे वारकऱ्यांनी अभिमानाने सांगावे. पण विरोध करणाऱ्यांतही गळ्यात माळ असलेली माणसे होती, हेही लपवू नये. सुमारे दहा दिवसांनी मार्ग निघाला आणि विठ्ठलाचे दार सर्वांना मोकळे झाले. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने ती पाळणे हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरला. २०१४ साली तर पंढरपूरच्या मंदिर समितीने पूजेच्या कामासाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागविले.

दगडी दार उघडले. पण मनाला आणखी एक दार असते. त्याची गोष्ट आता सांगतो. ती दुसऱ्या कोणाची नाही, आमच्याच घरची आहे.

कोनाड्यातला कप

सुमारे साठ वर्षे झाली. माझे वडील नेमाचे वारकरी. एकादशी कधी मोडली नाही, वारी कधी चुकली नाही. आमच्या दिंडीत एक पखवाजवाले होते. गावाबाहेरच्या वस्तीत राहत. आम्ही मुले त्यांना आबा म्हणत असू. वडील नेहमी म्हणत, ‘आबांचा हात पखवाजावर पडल्याशिवाय माझा अभंग उभाच राहत नाही.’ वाटेत मुक्कामाला भेटले की दोघे एकमेकांच्या पाया पडत.

तेच आबा आमच्या घरी आले की ओसरीच्या कडेला बसत. बाहेरच्या कोनाड्यात त्यांच्यासाठी एक कान तुटलेला कप ठेवलेला असे. आई वरून चहा ओती. पिऊन झाले की आबा स्वतःच कप विसळीत आणि कोनाड्यात पालथा घालीत. ‘विसळा’ असे त्यांना कोणी सांगत नसे, आणि ‘असू द्या, राहू द्या’ असेही कोणी म्हणत नसे.

एका आषाढीस वडिलांनी मला पंढरीस नेले. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. वडिलांनी चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवले, मलाही ठेवावयास लावले. मी उठून विचारले, ‘अण्णा, चोखोबा आपल्या घरी आले तर त्यांना चहा कशात द्यायचा?’

वडील रागावले नाहीत. काही बोललेही नाहीत. माझा हात धरून पुढे चालू लागले. त्या दिवशी बारीत उभे असताना त्यांच्या तोंडून एकही अभंग निघाला नाही.

तुम्ही विचाराल, मग घरी आल्यावर तो कप फेकून दिला असेल? नाही. कप तेथेच राहिला. वडील दुष्ट नव्हते. भावकी काय म्हणेल, गाव काय म्हणेल, मुलींची लग्ने कशी होतील, याची त्यांना भीती होती. दोन वर्षांनी आबा वारले. वडील त्यांच्या अंत्ययात्रेबरोबर गेले, पण दहा पावले मागून. रात्री ते कोनाड्यापाशी बराच वेळ उभे होते. मग त्यांनी तो कप काढला, आपल्या हाताने धुतला आणि पुसून पुन्हा तेथेच ठेवला.

तो कप मी जपून ठेवला आहे, पूजेसाठी नव्हे, आठवणीसाठी. वडिलांना मी दोष देत नाही. पण शिकावयाचे ते शिकलो. वाळवंटात पाया पडणे सोपे असते, कारण तेथे सारेच पडतात. ओसरीवर एका कपातून चहा देणे अवघड, कारण तेथे शेजारी पाहत असतो. वारकऱ्याची परीक्षा वाळवंटात होत नाही, ती ओसरीवर होते.

शंका आणि समाधान

पहिली शंका. कोणी म्हणतो, परमार्थात सारे समान आहेतच, पण व्यवहार वेगळा. दोन्हींची गल्लत करू नये. यावर माउलींच्याच दृष्टांताने उत्तर द्यावे. ओढा गंगेला मिळाला की पुढच्या गावी तो पुन्हा वेगळा होऊन वाहत नाही. आपण मात्र आषाढात गंगा होतो आणि पौर्णिमेचा काला झाला की आपापल्या ओढ्याच्या नावाने घरी परततो. मग आपण गंगेला खरोखर मिळालो होतो काय? इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या होत्या आणि ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी आपला अनुभव लिहिला. एकाच दिंडीत भजन एकत्र आणि जेवण मात्र जातीजातीचे वेगळे, हे पाहून त्यांच्या मनाला लागले. बाहेरून आलेल्या विदुषीला जे दिसले ते आपल्याला दिसत नव्हते असे नाही. आपण त्याला व्यवहार असे नाव देऊन ठेवले होते.

दुसरी शंका. चोखोबांनी स्वतःच काही ठिकाणी आपल्या जन्माला पूर्वकर्माचे फळ म्हटले आहे. मग आपण का बदलावे? बाबांनो, देवापुढे लीन होऊन भक्त स्वतःला काय म्हणतो, हे त्याच्या तोंडीच शोभते. तुकोबांनीही स्वतःला पतित म्हटले. म्हणून आपण तुकोबांना पतित म्हणतो काय? चोखोबांची लीनता हा त्यांचा अलंकार आहे. तो काढून आपण त्यांच्या पायांतली बेडी करू नये. आणि कर्माचाच हिशेब मांडावयाचा तर आज दुसऱ्याला दूर बसविण्याचे जे कर्म आपण करतो, त्याचे फळ कोणाच्या नावे लिहिले जाईल, तेही पाहावे.

तिसरी शंका. आता कायदा झाला, काळ बदलला, विटाळ राहिला कोठे? कान तुटलेला कप बहुतेक घरांतून गेला, हे खरे. पण नवा पाहुणा आला की ‘आडनाव काय? मूळ गाव कोणते?’ हे प्रश्न आपण कशासाठी विचारतो? भाड्याने खोली देताना काय पाहतो? सप्ताहात स्वयंपाकाला कोणाचे हात चालतात आणि कोणाला फक्त पत्रावळी उचलावयास सांगतो? मुलाने वा मुलीने जातीबाहेर लग्न ठरविले की माळ घातलेल्या घरातही स्वयंपाक का थांबतो? कोनाडा भिंतीतून निघून मनात गेला असेल, तर तो गेला असे म्हणता यावयाचे नाही.

आचरण

ज्ञान आचरणात उतरले नाही तर टाळ नुसता वाजतो. म्हणून येत्या वारीपासून चार गोष्टी आपण आपल्यापुरत्या धराव्यात.

एक : दिंडीत पंगत बसेल ती आल्या क्रमाने बसेल. वाढणाऱ्यांत आणि रांधणाऱ्यांत सर्व वस्त्यांतील माणसे असतील. काल्याचा घास एकमेकांच्या तोंडी घालतो, तर भाकरीचा का नको?

दोन : माळ असलेल्या माणसाला त्याचे आडनाव विचारावयाचे नाही. गाव विचारावे, घरची खुशाली विचारावी, त्याच्या पाया पडावे. ज्याला आपण आजवर शेवटी पाहत आलो, त्याच्या पायांवर आपले डोके आधी जावे.

तीन : गावच्या सप्ताहात वीणा, कीर्तन, हंडीचा मान हे ठरलेल्या घरांतच फिरत असतील, तर विश्वस्तांनी आणि फडकऱ्यांनी बसून तो क्रम बदलावा. मान वाटून घेतल्याने कमी होत नाही.

चार : लेकरांना चोखोबांची कथा सांगताना ती चमत्कारावर संपवू नये. हाडांतून नाम आले हे सांगावे, आणि ती हाडे भिंतीखाली का गेली, समाधी दाराबाहेर का राहिली, हेही सांगावे. लेकरे प्रश्न विचारतील. विचारू द्यावेत. माझ्या वडिलांना एका प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, पण तो प्रश्न त्यांनी दडपला नाही, म्हणूनच आज मी तो तुमच्यापुढे ठेवू शकलो.

चिंतनासाठी

१. आपल्या घरात आजही कोणता कोनाडा शिल्लक आहे?

२. आपल्या दिंडीत ज्यांच्याबरोबर चालतो, त्यांपैकी कितीजणांच्या घरी आपण जेवलो आहोत? कितीजण आपल्या घरी जेवले?

३. सोयराबाईंचा प्रश्न आज आपल्या ओसरीवर विचारला गेला, तर आपण काय उत्तर देऊ?

असो. पाठ लांबला. येत्या एकादशीस पंढरीला जाल तेव्हा चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवा, पण लगेच उठू नका. क्षणभर तेथेच थांबा आणि आपल्या गावच्या एखाद्या आबांचे नाव आठवा. ते हयात असतील तर परत गेल्यावर त्यांना घरी बोलवा, ओसरीवर नव्हे, आत. आणि जो कप स्वतःसाठी घ्याल, तसाच त्यांच्या हाती द्या.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!